कबऱ्याले दम लागते

आमचे डाक्टरसायेब माणसाले 'तू' म्हणत अन् म्हशीले 'आपण'.

तहसीलदार आला तरी त्याले, "बस तू तिथी, या बाईसाहेबांचं झालं की पाह्यतो." बाईसाहेब म्हणजे खुरात काटा गेलेली कोणाची तरी म्हैस. तिच्याशी बोलताना त्यायची भाषा एकदम पुण्याची व्हायची. "आपण जरा पाय उचलता का? आभारी आहे." म्हैस पाय उचलायची. तहसीलदार बाकावर बसून राह्यचा, अन् मी आतमंधी मलमाचा डबा तोंडासमोर धरून हासायचो.

मी तवा नवाच कंपाउंडर लागलो होतो. चांद्यात मॅट्रिक झालो अन् छोट्या लायनीच्या गाडीनं मूल गावाले आलो. जनावराचा दवाखाना म्हणजे कवेलूच्या छपराची एक लांब खोली, समोर जनावर बांधायचा लाकडी खोडा, बाजूले मोहाचं झाड. डाक्टरसायेब एकटेच राह्यत. लढाईत ते फौजेच्या खच्चरांचे डाक्टर होते, बर्म्याच्या अंगाले कुठीतरी. तिथी तोफांच्या आवाजानं त्यायचा एक कान पुरा गेला अन् दुसरा अर्धा. उरलेल्या अर्ध्या कानाले वारा लागला की ठणका मारे, म्हणून गाडीवर बसताना दोन्ही कानांत तिळाच्या तेलात भिजवलेला कापूस. मंग त्यायच्या मागं बसून कोणी ढोल वाजवला असता तरी त्यायले पत्ता लागला नसता.

मले एकदा ताप आला. डाक्टरसायेब आले, माह्या कपाळाले हात नाई लावला, कानाची पाळी मुळापाशी दाबून पाह्यली. ढोराचा ताप तिथीच समजते म्हणे. मंग इचारलं, "कालपासून रवंथ केला का?" मी म्हणलो, सायेब, मी माणूस हाये. ते म्हणे, "ते मले दिसून राह्यलं. जेवला का, ते सांग." अन् वासराच्या मापानं दवाई देऊन गेले. ताप उतरला बी. फक्त दोन दिवस मले हिरवं गवत दिसलं की बरं वाटे, असं मी पुढं सगळ्यायले सांगत फिरलो. हे मात्र खोटं.

नकला करायची मले लहानपणापासूनची खोड. शाळेत हेडमास्तर, घरी मामा, टेशनवर छोट्या लायनीचं इंजन, जे दिसन ते. एका बाजाराच्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, डाक्टरसायेब मागं गेले होते, अन् मी लोकायले त्यायचीच नक्कल करून दाखवून राह्यलो होतो. हात मागं, मान पुढं, "आपण जरा पाय उचलता का," अन् मंग त्यायचा तो खोकला. लोकं पोट धरून हासत होते. एकदम सगळे गप झाले. माह्या मागून आवाज आला.

"खोकला चुकला. माहा खोकला दोनदा येते. दुसरा बारीक. पुन्हा कर."

तिथून पळाव वाटलं. तरी केला. त्यायनं मान हालवली, म्हणे आता जमला, अन् आत गेले. जरा वेळानं दारातून डोकं काढलं. "तुले म्हशीचा खोकला येते का?"

तिथून जे सुरू झालं ते मी आजवर दुसऱ्या कोणत्या दवाखान्यात पाह्यलं नाई. आमच्याकडं बिमार ढोर जंगलातून चालत आणता येत नसे. मालक एकटाच येई, कोसच्या कोस पायी. त्याले इचारलं, म्हैस कशी खोकलते, तं तो म्हणे, "म्हशीसारखीच खोकलते जी." याच्यात दवाई काय द्यायची? मंग डाक्टरसायेब मले पुढं उभं करत. मी खोकले काढायचो. कोरडा, ओला, घशात अटकलेला, छातीतून आलेला. मालक डोळे मिटून ऐके, गाण्याच्या बैठकीत बसल्यासारखा. "दुसरा जी. पण शेवटी जरासा लांब." मी लांब करायचो. "हां, हांऽ, हीच आमची म्हैस." एका म्हाताऱ्यानं तं माह्या पाठीवरून हात फिरवला अन् म्हणे, बिचारी.

डाक्टरसायेब त्या खोकल्यावरून दवाई बांधून देत, अन् बहुतेक वेळा म्हैस बरी होई.

आता कबऱ्या.

कबऱ्या म्हणजे डाक्टरसायेबाची मोटरसायकल. फौजेनं लढाई झाल्यावर लिलावात काढलेली. खाकी रंगाचे पोपडे निघून खालचं लोखंड दिसे, म्हणून कबऱ्या. त्याले सुद्धा 'आपण'. सकाळी किक मारायच्या आधी, "उठता का?" असं इचारत, अन् मोठं काम करून आला की संध्याकाळी टाकीवर दोन थापा देत. गावातली पोरं मागं पळत, बायका डोक्यावरची घागर सावरून बांधाखाली उतरत. आख्ख्या भागात मोटरसायकल म्हणाल तं ती एकच.

त्या साली पोळ्याले डाक्टरसायेबानं कबऱ्याले बैलायच्या रांगेत तोरणाखाली उभं केलं. कोणाले काई वाटलं नाई. वर्षभर ज्याच्या पाठीवर बसून काम करतो त्याचा सण कराव लागते, याच्यात वाद कुठून घालायचा? लोकं झडत्या, पोळ्याची गाणी, म्हणत होते, अन् बैलायच्या मधात कबऱ्या, हँडलच्या दोन्ही टोकाले गोंडे, चाकाले हळद, अन् टाकीच्या मधोमध झाकणावर सोनेरी बेगड. बेगड म्हणजे शिंगाले चिकटवतात तो चमकीचा कागद. लोकं डिंकानं चिकटवत. पण डाक्टरसायेब म्हणे, डिंक पावसात सुटते. त्यायनं टाकीचं झाकण घरात नेलं, पळसावरची लाख वितळवली, बेगड त्याच्यात बसवून वरून पुन्हा लाखेचा हात फिरवला. कपाळ म्हणजे कपाळासारखं दिसलं पाह्यजे म्हणे. दिसलं बी. उन्हात असं चमके की समोरच्या बैलानं तोंड फिरवलं.

अन् पोळा झाल्यावर कबऱ्या बिमार पडला.

सकाळी एका किकमंधी चालू होई. गावाच्या बाहेर निघे, मस्त धावे, गरम होई, अन् मंग जंगलाच्या ऐन मधात बंद. डाक्टरसायेब उतरत, इंजनावर ओलं पोतं टाकत, टाकीत काडी घालून पेट्रोल पाह्यत, पेट्रोल असे. झाकण लावत, सावलीत बसत. मंग किक मारली की चालू. पुन्हा थोडं धावे, पुन्हा बंद. पाऊस सरून ऊन कडक झालं होतं, म्हणून सगळ्यायचं मत पडलं की याले ऊन बाधते. डाक्टरसायेब म्हणे, "वय झालं, कबऱ्याले दम लागते." मंग ते त्याले चांद्याले मोटरच्या मेकॅनिककडं घेऊन गेले. त्यानं टाकीचं झाकण काढून बाजूले ठेवलं, इंजन चालू केलं अन् चालू ठेवून लय वेळ पाह्यलं. बंद पडायचं नावच नाई. तरी त्यानं डोकं खाजवून सांगतलं की म्याग्नेटो गरम झाला की त्याची इस्त, म्हणजे ठिणगी, मरत असन, ते काम नागपूरले होते, अन् लवकर होत नाई.

आता दुसरा वेळ असता तं डाक्टरसायेब बैलगाडीनं फिरले असते. पण तवा नदीपल्याड बुळकांडी आली होती. ज्यायनं ती पाह्यली नाई त्यायले काय सांगू, गोठेच्या गोठे खाली होत. लस टोचली तं ढोर वाचे. पण ती लस बर्फात ठेवली तरच जिवंत. चांद्याहून गाडीनं लाकडाच्या भुशात बांधून बर्फ येई, आमी तो थर्मासात भरत असू, अन् बर्फ इतळायच्या आत गाव गाठाव लागे. बैलगाडी पोचेपर्यंत त्याचं पाणी होई.

डोंगरगाव नदीच्या अलीकडं. बिमारी तिथी पहिल्यांदा पाय टाकणार हे उघड होतं. डाक्टरसायेब एकटेच दोन खेपा गेले. दोन्ही वेळा कबऱ्या रस्त्यात बंद पडत गेला, पोचेपर्यंत दुपार कलली, थर्मासात कोमट पाणी. तिथी आख्खं गाव आखरावर, म्हणजे ढोरं गोळा करायच्या मोकळ्या जागेवर, ढोरं बांधून बसलेलं. कोणाले काय समजलं असतं, मेलेली लस टोचली असती तरी? पण डाक्टरसायेबानं दोन्ही वेळा सगळ्यायच्या समोर शिशा मातीत ओतल्या अन् परत आले.

दुसऱ्या खेपेले पाटलानं त्यायले साफ सांगतलं होतं. "दोन दिवस ढोरं उपाशी बांधली, दूध आटलं, लोकं माह्या नावानं बोटं मोडून राह्यले. तिसऱ्यांदा मी बांधीन, पण सकाळची उन्हं झाडाच्या शेंड्यावरून जमिनीवर उतरेपर्यंतच. तुमी नाई दिसले की गावचा ढोरकी ढोरं चाराले जंगलात नेईन, अन् मंग पुन्हा या गावात सुई घेऊन येऊ नका."

तिसऱ्या खेपेले डाक्टरसायेब पहाटेच मले म्हणे, "तू चाल. बंद पडला तं ढकलाले कोणी पाह्यजे."

मी मागं बसलो, घोंगडीत गुंडाळलेला थर्मास पोटाशी धरून. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूनं धान कापून राह्यले होते, मंग सागाचं जंगल लागलं, मंग बांबू. मी पहिल्यांदाच कबऱ्यावर बसलो होतो. काय मजा येत होती! वाटलं, असंच जाव सिरोंच्यापर्यंत. अन् तेवढ्यात कबऱ्या गेला.

डाक्टरसायेबानं उतरून ओलं पोतं टाकलं अन् ते उकिडवे बसून कबऱ्याकडं पाह्यत राह्यले. मी सूर्याकडं पाह्यलं. मंग त्यायनं सावकाश कानातला कापूस काढला.

"याले मरताना मी कधी ऐकलंच नाई गा. कापूस राह्यते कानात. तू ऐकलं न आता? कर."

"काय करू जी?"

"कबऱ्या. चालता चालता कसा मेला, ते कर."

मी कबऱ्याच्या समोर उभा राह्यलो अन् केला. आधी तो मस्त आवाज, धडधडधडधड. मंग जरा अडखळला, धडधड, धड, फस्. मंग खोकला, फट्. मंग पुन्हा जीव धरला, धड, धड, फस्, फस्स्, अन् गेला.

"पुन्हा कर. घाई नको करू."

तेवढ्यात दोन बाया सरपणाच्या मोळ्या घेऊन तिकडून येऊन राह्यल्या होत्या. त्यायनं पाह्यलं, रस्त्यात एक गाडी गप उभी हाये, एक माणूस तोंडानं तिचा आवाज काढून राह्यला, अन् दुसरा डोळे मिटून ऐकून राह्यला. एक दुसरीले हळूच म्हणे, "भाऊले बाहेरचं काई लागलं वाटते वं." अन् दोघी रस्ता सोडून रानातून गेल्या.

डाक्टरसायेबानं डोळे उघडले.

"खच्चर दोन तऱ्हेनं मरते. गोळी लागली तं एकदम पडते. तहानेनं मरते ते असं, एकेक श्वास करत. इस्त मेली असती तं हा एकदम बंद झाला असता. तो मेकॅनिक चुकला. याले पेट्रोल भेटून नाई राह्यलं."

मी म्हणलो, टाकी सकाळीच काठोकाठ भरली हाये. ते म्हणे, पाहू. त्यायनं झाकण फिरवून उचललं अन् झाकणानं आवाज केला, सूऽऽप्! वासरू आचळ सोडते तसा. डाक्टरसायेबाले तो ऐकू गेला नाई. ते काडी शोधत होते. मले राहवलं नाई, नुसती गंमत म्हणून मी तो आवाज काढला. सूऽऽप्.

त्यायची मान गर्रकन फिरली. "हे काय होतं?"

"तुमचं झाकण जी. आता उघडलं तवा असंच बोललं."

"पुन्हा कर."

मी पुन्हा केला. डाक्टरसायेबाचा चेहरा असा झाला की मले वाटलं आता मले वासराच्या मापाची दवाई भेटते. त्यायनं पेटीतून सुई अन् रबरी बुचाची एक रिकामी शिशी काढली. तिच्यात सुईनंच पाणी भरलं, वरची हवा ओढून घेतली, अन् मंग शिशी उलटी करून पाणी ओढाले लागले. थोडं आलं, मंग दट्ट्या पुढं येईना. सोडला की सटकन मागं जाई.

"शिशीत हवा सोडल्याबिगर पाणी बाहेर येते का? नाई येत. रोज करतो मी हे, रोज! टाकी बी शिशीच हाये. पेट्रोल खाली गेलं तं त्याच्या जागी हवा कुठून येईन?"

दोघायनं एकदमच झाकणाकडं पाह्यलं. त्यायनं ते उलटं केलं. आतून मधोमध एक बारीक छेद होता, मोहरीएवढा. सुलटं केलं. वरून छेद नाई. वरून पोळ्याचं बेगड, अन् त्याच्यावर लाख, चकचकीत, अजून पुरी शाबूत.

डाक्टरसायेबानं लाखेवरून अंगठा फिरवला.

"नाक हाये हे त्याचं. मी कपाळ समजलो अन् नाक बुजवलं."

ऊन नाई, वय नाई, म्याग्नेटो नाई. गरम व्हायचा अन् बंद पडायचा, म्हणून सगळे गरमीच्या मागं लागलेले. अन् दरखेपेले काडी घालून पेट्रोल पाह्यले झाकण उघडलं की हवा आत जाई, कबऱ्याच्या जिवात जीव येई, अन् आमी म्हणत होतो त्यानं आराम केला! मले इतकं हासू आलं की थर्मास हातातून पडता पडता वाचला. डाक्टरसायेब नाई हासले. पेटीतली सगळ्यात जाड सुई, सांडाची, त्यायनं काढली अन् लाखेत खुपसली. एकदा वाकली. दुसरी काढली. कट् करून आरपार गेली. त्यायनं झाकण तोंडाशी धरून फुंकलं अन् दुसऱ्या बाजूनं माह्या गालाले हवा लागली.

"लागली जी! लागली!"

"कबऱ्या," डाक्टरसायेब म्हणे, "माफी असावी." अन् किक मारली.

या वेळी त्यायनं कापूस घातला नाई. ऐकाचं होतं त्यायले. वाऱ्यानं कान ठणकत असन, डोळ्यातून पाणी वाहून मागं माह्या तोंडावर उडत होतं, पण हात ढिला करत नव्हते. नाला आला. इथी कबऱ्या पहिल्या खेपेले बंद पडला होता, असं त्यायनं सांगतलं होतं. मी श्वास धरला. गेलो. मंग ते वाकडं आंब्याचं झाड, दुसऱ्या खेपेचं. डाक्टरसायेबानं मागं न पाह्यता इचारलं, "अडखळला का?" मी त्यायच्या अर्ध्या कानात वरडलो, "नाई जी!" पुढच्या वळणावर पुन्हा, "आता?" "नाई जी, नाई!" आख्खं जंगल आमी असे वरडत पार केलं. मी कधी कोणत्या नकलेत एवढा वरडलो नसीन. कबऱ्या एका सुरात धडधडत होता, गरम होऊन लाल झाला असन, पण थांबाचं नाव घेत नव्हता.

डोंगरगाव दिसलं. गावाच्या तिकडच्या अंगानं धूळ उठून राह्यली होती. उन्हं कवाची जमिनीवर उतरली होती. आखर रिकामं, दावी नुसती पडलेली, अन् ढोरकी काठी खांद्यावर टाकून कळप जंगलाकडं नेऊन राह्यला होता.

मले वाटलं सायेब पाटलाच्या घरापाशी थांबतीन. थांबलेच नाई. कबऱ्या बांधाबांधानं उडवत कळपाच्या बाजूनं पुढं गेले अन् जंगलाच्या तोंडाशी रस्त्यात आडवे उभे राह्यले. इंजन बंद नाई केलं. सगळ्यात पुढं एक थोराड म्हैस होती. ती थांबली, तिच्या मागं आख्खा कळप थांबला. डाक्टरसायेबानं तिले हात जोडले.

"बाईसाहेब, उशीर झाला. आपण परत फिरावं."

ढोरकी तोंड उघडं टाकून पाह्यत होता. मागून पाटील पळत आला, धोतराचा सोगा हातात, तोंड रागानं काळं. यायनं माहा शब्द खाल्ला, गाव माह्यावर थुंकन, आता कोण्या देवानं सांगतलं तरी ढोरं वळणार नाई, असं तो दुरूनच बोलत आला. डाक्टरसायेबानं माह्याजवळचा थर्मास घेतला, बूच काढलं, पाटलाचा हात धरला अन् बोटं आत घातली.

पाटलानं किंचाळून हात बाहेर ओढला. "भाजलं!"

"नाई भाजलं," डाक्टरसायेब म्हणे. "बर्फ हाये तो. आज लस जिवंत हाये."

पाटलानं बोटं पाह्यली. नाकाले लावली, मंग गालाले. कबऱ्याकडं पाह्यलं, तो अजून चालूच होता. पाटील ढोरकीकडं वळला.

"काय पाहून राह्यला गा? वळव. सगळी वळव."

मंग काय ती धावपळ! पोरं दावी धरून, बायका वासरं कवळून, मी शिशा हालवून हालवून देऊन राह्यलो, अन् डाक्टरसायेब कळपात फिरून राह्यले. प्रत्येकीले "जरासं दुखेल", प्रत्येकीले "आभारी आहे", अन् मधात जो माणूस येईन त्याले "हो बाजूले तू". पाटील सोता शिंगं धरून उभा होता. त्या हिवाळ्यात बुळकांडी नदी उतरून आली, आजूबाजूच्या दोन गावांत शिरली. डोंगरगावात नाई शिरली. पण ते आमाले मंग समजलं. त्या दिवशी आमाले काईच माहीत नव्हतं, फक्त हात चालत होते.

शेवटची कालवड सुटली तवा थर्मासाच्या बुडाशी बर्फाचा एक खडा उरला होता. डाक्टरसायेबानं तो तळहातावर घेतला अन् नुसते पाह्यत राह्यले. डोंगरगावात येऊन बर्फ उरला, हे त्यायले पचतच नव्हतं. पाटील म्हणे, डाक्टरभाऊ, तो मले द्या. त्यायनं दिला. पाटलानं मूठ बंद केली.

"नदीकाठी मासे धरणाऱ्या ढिवरांची टोली हाये," पाटील म्हणे. "त्यायच्या बी म्हशी हायेत. पुढच्या बाजाराच्या दिवशी तिथी या. ढोरं मी सोता उभा राहून बांधून ठेवतो. तुमाले उशीर झाला तरी चालन."

डाक्टरसायेब म्हणे, येतो. पाटील तसाच उभा होता. त्याच्या कोपरावरून पाणी थेंबथेंब गळत होतं, बोटं लाल पडली होती, लोकं म्हणत होते सोडा आता, अन् तो मूठ काई उघडून नव्हता राह्यला.